बिल्ड-डिपेंड्समध्ये काय लिहायचं आणि ते कुठे बसून ठरवायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी एका ओपन सोर्स प्रोग्रॅमचं डेबियन पॅकेज करायचंय. प्रोग्रॅम चित्रावरून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणण्यासाठीची, फाइल बनवतो. सी++ आणि क्यूटी ५ (खिडक्या-बटणांची लायब्ररी) मध्ये लिहिलेला, सीमेक या साधनाने बिल्ड होणारा, म्हणजे सोर्सपासून तयार होणारा, सोबत काही सुट्या पायथन स्क्रिप्ट. उबंटू २४.०४ असलेल्या तुझ्या लॅपटॉपवर पॅकेज बिनबोभाट तयार होतं. कारखान्यातल्या डेबियन १२ वर मात्र ते बसतच नाही. तिथल्या मशीनवरच बिल्ड केलं तर बसतं, पण टिफ प्रकारची चित्राची फाइल उघडत नाही आणि टूलबारवरची चित्रं कोरी दिसतात. एका ठिकाणी तर ३२ बिटांचा जुना कम्प्युटर आहे. तू विचारतोस की बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे बिल्ड करताना लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, काय आणि किती लिहायचं, आवृत्त्या द्यायच्या का, आणि लॅपटॉपवर असलेल्या सगळ्या डेव्ह पॅकेजांची (लायब्ररी वापरून कम्पाइल करायला लागणाऱ्या) यादी सरळ तिथे चिकटवली तर चालेल का.

शेवटचं आधी सांगतो: नाही चालणार. कॉलेजच्या प्रोजेक्टपासून आजवर त्या लॅपटॉपवर काय काय टाकलंयस ते तुलाही आठवत नसेल. लग्नाचा आचारी स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून सामानाची यादी करायला लागला की मीठ, हिंग आणि सांडशी हमखास राहतात, कारण ती हाताशीच असतात. यादी करायची तर रिकाम्या कार्यालयात उभं राहून करावी.

पॅकेजिंगमध्ये त्या रिकाम्या जागेची सोय आहे: एसबिल्ड किंवा पीबिल्डर. दोन्ही दरवेळी कोरी डेबियन उभी करतात, तिच्यात बिल्ड-इसेन्शियल (कम्पायलर वगैरे मूळ सामान) आणि तू कंट्रोल फाइलमध्ये, म्हणजे जिथे बिल्ड-डिपेंड्सची ओळ असते तिथे, लिहिलेली पॅकेजं तेवढी टाकतात, बिल्ड करतात आणि सगळं पुसून मोकळी होतात. तू उबंटूवर आहेस म्हणून अडत नाही. एमएमडीबूटस्ट्रॅपने बुकवर्मची, म्हणजे डेबियन १२ ची, अशी कोरी चौकट उबंटूवरही तयार होते. फक्त आधी डेबियन-अर्काइव्ह-कीरिंग टाकून घे, नाहीतर पॅकेजांच्या डिजिटल सह्या तपासताना काम थांबेल आणि तू उगाच नेटला दोष देत बसशील.

पॅकेज बसत का नाही, याचंही उत्तर इथेच आहे. तयार झालेली डेब फाइल, म्हणजे पॅकेज, डीपीकेजी-डेबने उघडून तिची डिपेंड्सची (चालवायला काय लागतं त्याची) ओळ वाच. तिथे बहुधा लिबसी६ (जीलिबसी या मूळ सी लायब्ररीचं पॅकेज) ची २.३८ किंवा त्यापुढची आवृत्ती मागितलेली असेल आणि लिबक्यूटी५कोर५टी६४ असं एक नाव असेल. डेबियन १२ मध्ये जीलिबसी २.३६ आहे, उबंटू २४.०४ मध्ये २.३९. नव्या हेडरवर (लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइलींवर) कम्पाइल केलं की आकडा वाचणारं साधं एसटीआरटीओएल फंक्शनसुद्धा २.३८ मध्ये आलेल्या नव्या सिम्बॉलला (लायब्ररीतल्या फंक्शनच्या नावाला) जाऊन जोडलं जातं. आणि ते शेपूट, टी६४, हे २०३८ सालच्या तारखेच्या भानगडीवरचा इलाज करताना लायब्ररी पॅकेजांच्या नावांना लागलं. उबंटूत ते २४.०४ मध्ये दिसतं, डेबियनमध्ये १३ मध्ये. बारामध्ये त्या नावाचं पॅकेजच नाही, मग पॅकेज बसवणारं एपीटी ते आणणार कुठून? तेव्हा ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर पॅकेज चालवायचंय, तिच्याच कोऱ्या चौकटीत बिल्ड करायचं. बिल्ड-डिपेंड्सची ओळ कितीही नीट लिहिलीस तरी चुकीच्या चौकटीत ती उपयोगाची नाही.

आता यादी. रीडमी वाचून यादी करू नकोस. रीडमी लिहिणाऱ्याच्या मशीनवर काय नव्हतं तेवढंच त्यात असतं, आणि तेही पाचेक वर्षांपूर्वीचं. खरी माहिती सीमेकलिस्ट्समध्ये, म्हणजे सीमेक वाचतो त्या फाइलींत, असते. फाइंड_पॅकेज आणि पीकेजी_चेक_मॉड्यूल्स या दोन शब्दांवर सगळ्या फोल्डरांत सर्च मार आणि एकेक ओळ बघ. सीमेकच्या जागी मेसन असेल तर डिपेंडन्सी हा शब्द शोधायचा, ऑटोटूल्स असतील तर कॉन्फिगर.एसी वाचायची. हेडरचं नाव कळलं पण पॅकेज कळलं नाही, तर एपीटी-फाइलला विचार: टिफआयओ.एच कुठे मिळेल म्हटलं की ते लिबटिफ-डेव्ह दाखवतं. मग कंट्रोल फाइलमध्ये डेबहेल्पर-कॉम्पॅट १३ (डेबियनच्या पॅकेजिंग साधनांसाठी) आणि सीमेक एवढंच लिहून कोऱ्या चौकटीत बिल्ड लाव. फेल होईल. जे मागेल ते घाल, पुन्हा लाव. कंटाळवाणं आहे, पण अशा रीतीने आलेल्या प्रत्येक नावामागे कारण असतं.

बिल्ड-इसेन्शियलमधली मंडळी, म्हणजे जीसीसी, जी++, मेक, लिबसी६-डेव्ह, डीपीकेजी-डेव्ह, लिहायची गरज नाही. डेबियन ती गृहीतच धरतो. उद्या कोणी फेडोरा लिनक्ससाठी आरपीएम, म्हणजे तिथलं पॅकेज, मागितलं तर मात्र सांभाळ. तिथे २०१८ च्या आवृत्ती २९ पासून जीसीसीसुद्धा कोऱ्या जागेत नसतो. स्पेक फाइलमध्ये बिल्डरिक्वायर्स म्हणून तोही लिहावा लागतो, आणि एसबिल्डचं काम तिथे मॉक करतो.

एक गोष्ट या फेल-होऊ-दे पद्धतीने सापडत नाही: दुसऱ्याच्या आडून आलेली डिपेंडन्सी. लिबटिफ-डेव्ह टाकलं की त्याच्यामागून झेडलिब या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेजही येतं. तुझा प्रोग्रॅम स्वतः झेडलिब.एच इन्क्लूड करत असेल तर आज बिल्ड होऊन जाईल. उद्या लिबटिफवाल्यांनी त्यांची यादी बदलली की तुझं पॅकेज फुटेल, तेही तू एक ओळ न बदलता. नियम साधा ठेव: ज्याचं हेडर आपल्या कोडमध्ये थेट इन्क्लूड होतं, त्याचं नाव आपल्या यादीत थेट हवं.

आता टिफकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत जास्त लोकांना चकवतो. दोन्हीकडच्या बिल्डचा लॉग शेजारी शेजारी ठेव. तुझ्या लॅपटॉपवर सीमेक म्हणतो ‘फाउंड टिफ’, पुढे लायब्ररीचा पत्ता आणि ४.५.१ ही आवृत्ती. कारखान्यातल्या मशीनवर म्हणतो ‘कुड नॉट फाइंड टिफ’. आणि पुढे जातो! दोन्हीकडे बिल्ड शंभर टक्क्यांवर पोचतो, दोन्हीकडे डेब फाइल तयार होते, दोन्हींचं नाव आणि आवृत्ती एकच. एकीत टिफ आहे, एकीत नाही. असं होतं कारण मूळ लेखकाने फाइंड_पॅकेजच्या पुढे रिक्वायर्ड लिहिलेलं नाही. त्याचा हेतू चांगलाच होता, लायब्ररी असेल तर वापरू, नसेल तर त्याशिवाय चालवू. स्वतःच्या मशीनवर कम्पाइल करणाऱ्याला ही सोय वाटते. पॅकेज करणाऱ्याच्या हाती मात्र त्यातून असं पॅकेज येतं, ज्यात काय काय आहे हे त्या दिवशी मशीनवर काय होतं त्यावर ठरतं. जेंटू लिनक्सवाले याला ऑटोमॅजिक डिपेंडन्सी म्हणतात.

नसलेली अनिवार्य लायब्ररी बिल्ड पाडते, म्हणून ती लगेच सापडते. ही ऐच्छिक मात्र गप्प असते, आणि तिची तक्रार डिझाइन करणाऱ्याकडून येते, तीही ऑर्डर तोंडावर आलेली असताना.

उपाय म्हणजे निवड मशीनवर न सोडता रूल्स फाइलमध्ये, म्हणजे पॅकेज कसं बिल्ड करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहून टाकायची. लेखकाने टिफसाठी वेगळा ऑप्शन दिला असेल तर तो स्पष्टपणे ऑन कर. दिला नसेल तर सीमेक ३.२२ पासून एक सोय आहे: सीमेक_रिक्वायर_फाइंड_पॅकेज_टिफ हा व्हेरिएबल ऑन केला की टिफ न सापडल्यास कॉन्फिगर तिथेच थांबतं. बुकवर्ममध्ये सीमेक ३.२५ आहे, म्हणजे तुला अडचण नाही. उलटही करता येतं. जे नकोच आहे त्यासाठी डिसेबलवाला तसाच व्हेरिएबल आहे. तो लावला की लायब्ररी मशीनवर असली तरी सीमेक तिच्याकडे बघत नाही. ऑटोटूल्समध्ये हेच विथ आणि विदाउटने होतं, मेसनमध्ये प्रत्येक फीचर एनेबल्ड किंवा डिसेबल्ड करून. म्हणजे यादीतल्या प्रत्येक ऐच्छिक लायब्ररीसाठी दोन ओळी होतात, एक बिल्ड-डिपेंड्समध्ये आणि एक रूल्समध्ये. यातली एकच लिहिणारे लोक खूप बघितलेत. बिल्ड-कॉन्फ्लिक्ट्स नावाचं एक फील्डही आहे, ‘हे पॅकेज असताना बिल्ड करू नका’ असं सांगणारं; पण ज्याला ऑप्शनने बंद करता येतं त्याच्यासाठी ते वापरणं मला आळशीपणाचं वाटतं.

लपलेल्या गोष्टी फक्त लायब्ररीच असतात असं नाही. मशीनवर डॉक्सिजन (कोडवरून मॅन्युअल बनवणारं साधन) सापडला म्हणून मॅन्युअल तयार होतं. गिट सापडलं म्हणून आवृत्तीचा आकडा गिटच्या टॅगवरून काढला जातो, आणि टारबॉलवरून, म्हणजे सोर्सच्या गठ्ठा-फाइलवरून, बिल्ड केलं की अबाउटच्या खिडकीत आवृत्तीच्या जागी ‘अननोन’ येतं. हे पकडायचं तर डिफॉस्कोप हा फाइलींतला फरक दाखवणारा प्रोग्रॅम वापर. लॅपटॉपवरची डेब आणि कोऱ्या चौकटीतली डेब त्याला दे, तो आतपर्यंत उलगडून फरक दाखवतो. मुद्दाम वेगवेगळ्या जागी दोनदा बिल्ड करून बघणं हा या कामातला सर्वांत स्वस्त तपास आहे.

कोऱ्या चित्रांचं कारण आणखी वेगळं आहे, आणि त्याचा बिल्ड-डिपेंड्सशी संबंध नाही. पॅकेज चालवायला काय लागतं ते डिपेंड्समध्ये जातं, आणि सी++ साठी ते हाताने लिहायचं नसतं. शलिब्स:डिपेंड्स हा व्हेरिएबल ठेवला की डीपीकेजी-शलिबडेप्स तयार बायनरी वाचून लायब्ररींची नावं आणि आवृत्त्या भरतो. डेव्ह पॅकेज तर डिपेंड्समध्ये कधीच टाकू नकोस. कारखान्यातल्या मशीनला हेडर काय करायचेत? पण हा हिशेब बायनरीत ज्या लायब्ररी नोंदवलेल्या असतात तेवढ्यांपुरताच. तुझ्या टूलबारवरची चित्रं एसव्हीजी प्रकारची असणार; क्यूटीमध्ये एसव्हीजी चित्रं दाखवण्याचं काम प्लगइन (वरून जोडायचा तुकडा) करतो, आणि प्लगइन प्रोग्रॅम चालू झाल्यावर शोधला जातो. बायनरीत त्याचा मागमूस नसतो. म्हणून लिबक्यूटी५एसव्हीजी५ हे नाव डिपेंड्समध्ये हाताने लिहावं लागेल. तुझ्या लॅपटॉपवर ते दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रॅमबरोबर आलेलं असणार, म्हणून तुला चित्रं दिसतात.

पायथनच्या सुट्या स्क्रिप्टचंही तसंच. सेटअपटूल्सने बनवलेल्या नीट मॉड्यूलच्या माहितीतून डीएच_पायथन३ डिपेंडन्सी काढतो. सुट्या स्क्रिप्टमधले इम्पोर्ट मात्र तो वाचत नाही. एखादी स्क्रिप्ट नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) मागत असेल तर पायथन३-नमपाय तूच लिही. आणि पॅकेज देण्याआधी कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर बसवून प्रत्येक मेनू एकदा दाबून बघ. याला पर्याय नाही.

आवृत्त्यांबद्दल माझं मत कडक आहे: कारणाशिवाय लिहू नकोस. सीमेकलिस्ट्समध्ये किमान ३.१६ लिहिलंय म्हणून कंट्रोलमध्ये ३.१६ लिहायचं, हे निव्वळ ओझं. बुकवर्ममध्ये ३.२५ आहे, त्याआधीच्या बुल्सआयमध्येही ३.१८. ती अट कुणालाच अडवत नाही, फक्त वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी असेल. आवृत्ती तेव्हाच लिहावी जेव्हा तुझ्या लक्ष्यातली एखादी सिस्टिम खरोखर कमी पडते. ‘इतकीच’ अशी बरोबर-चिन्हाची अट तर नकोच. सुरक्षेचं अपडेट आलं की बिल्ड बंद पडेल. डेबहेल्पर-कॉम्पॅटपुढे बरोबर १३ लिहितात तो अपवाद, कारण तो आवृत्तीचा आकडा नसून वागणुकीची पातळी आहे. ‘हे किंवा ते’ असा उभ्या रेघेचा पर्याय दिलास तर लक्षात ठेव की डेबियनच्या अनस्टेबल, म्हणजे अजून तयार होत असलेल्या, शाखेची बिल्ड मशीनं पहिलंच नाव धरतात.

नेट. बिल्ड चालू असताना काहीही डाउनलोड होता कामा नये. डेबियनच्या धोरणात मुख्य विभागातल्या पॅकेजांसाठी हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि पीबिल्डर मुळातच नेट बंद ठेवून बिल्ड करतो. तुझ्या प्रोग्रॅममध्ये सीमेकचं फेचकंटेंट वापरलेलं असेल तर ते बिल्डच्या मध्येच गिटहबवर जाईल. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतलं आणि जगभर ज्यांचे बिल्ड त्या क्षणी नेटवरून सामान ओढत होते ते फुटले. तेव्हा आधी बघ की ती लायब्ररी डेबियनमध्ये आहे का. असेल तर छोटा पॅच मारून तीच वापर. नसेल तर डेबियनला पॅकेज देणाऱ्याने ती आधी स्वतंत्र पॅक करायची असते. तू चार कारखान्यांपुरतं करतोयस, तर लायब्ररीचा सोर्स आपल्या सोर्समध्येच ठेवलास तरी माझी हरकत नाही. फक्त तिचा परवाना कॉपीराइट फाइलमध्ये नोंदव आणि तिच्यात सुरक्षेची चूक निघाली तर ती दुरुस्त करणं आता तुझं काम आहे हे मान्य कर.

यादी लहान ठेवायला आणखी एक कारण आहे. बिल्ड-डिपेंड्समधलं प्रत्येक पॅकेज म्हणजे बिल्डच्या वेळी तुझ्या मशीनवर चालू शकणारा दुसऱ्याचा कोड. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा सापडला तो आठव. त्याला जागं करणारी एम४ फाइल (ऑटोटूल्सच्या बिल्डमधली) गिटमध्ये नव्हती, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. आणि डेब किंवा आरपीएम पॅकेज म्हणून, ६४ बिटांच्या लिनक्सवर बिल्ड होतंय असं दिसलं तरच ती कामाला लागायची. म्हणजे नेमका आपल्यासारख्या पॅकेज करणाऱ्यांचाच बिल्ड तिने निवडला होता. अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून ते उघडकीला आलं. तेव्हापासून मी टारबॉल आणि गिटचा टॅग यांच्यातला फरक बघितल्याशिवाय नवी आवृत्ती घेत नाही. तूही ही सवय लावून घे, पाच मिनिटांचं काम आहे.

टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन थोडक्यात. टेस्टसाठीच लागणाऱ्या पॅकेजांपुढे नोचेकची खूण कर, म्हणजे घाईच्या बिल्डला ती गाळता येतात. शेवटचा बिल्ड मात्र टेस्ट चालवूनच. पीडीएफ मॅन्युअलसाठी टेकलाइव्ह हे छपाईजुळणीचं अवजड सामान ओढलं जात असेल तर तो भाग बंदच कर, कारखान्यात ते कोणी उघडणार नाही. कोरी चौकट म्हणजे दर बिल्डला सगळी पॅकेजं पुन्हा डाउनलोड, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम असेल तर दुपारपर्यंत डेटा संपतो. एपीटी-कॅशर-एनजी बसव, म्हणजे एकदा आलेलं पॅकेज घरातच राहतं. आपल्याकडच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून बंद पडत असेल तर डेब_बिल्ड_ऑप्शन्समध्ये पॅरलल २ पुरे. वेळ लागेल, पण बिल्ड पूर्ण होईल. बिल्ड संपल्यावर डेबच्या शेजारी एक बिल्डइन्फो फाइल पडते, ती फेकू नकोस. त्या दिवशी चौकटीत कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती होती ते सगळं तिच्यात असतं, आणि वर्षभराने ‘आधीचं चालायचं, आताचं चालत नाही’ असा फोन आला की तीच कामी येते.

या सगळ्यानंतर तुझ्या कंट्रोलमधली ओळ फार मोठी राहणार नाही: डेबहेल्पर-कॉम्पॅट, सीमेक, पीकेजीकॉन्फ, क्यूटीबेस५-डेव्ह, लिबटिफ-डेव्ह, कोडमध्ये थेट वापर असेल तर लिबक्यूटी५एसव्हीजी५-डेव्ह आणि झेडलिब१जी-डेव्ह, आणि स्क्रिप्टसाठी डीएच-पायथन. याहून लांब होत असेल तर प्रत्येक जादा नाव काढून बिल्ड कर. ज्याचं हेडर कोडमध्ये थेट इन्क्लूड होत नाही, आणि काढल्यावरही बिल्ड होतो व डिफॉस्कोपला फरक दिसत नाही, ते नाव गेलं.

राहिला तो ३२ बिटांचा कम्प्युटर. त्याच्यावर बिल्ड करायचा प्रयत्नही करू नकोस, क्यूटीचा कोड कम्पाइल होताना त्याची मेमरी संपेल. क्रॉस-कम्पाइलच्या भानगडीतही पडायला नको. तुझा प्रोसेसर ३२ बिटांचा कोड थेट चालवतो, तेव्हा आय३८६ (डेबियनमधलं ३२ बिटांचं नाव) ची वेगळी बुकवर्म चौकट कर आणि एसबिल्डला आर्किटेक्चर आय३८६ सांग. बिल्ड-डिपेंड्सची तीच ओळ चालते. पायथन स्क्रिप्ट वेगळ्या पॅकेजमध्ये काढून त्याचं आर्किटेक्चर ऑल ठेवलंस तर ते दोन्हीकडे एकच जाईल. डेबियन १३ मध्ये आय३८६ साठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही, म्हणजे तो कम्प्युटर १२ वरच राहणार. बाकीचे कारखाने पुढच्या आवृत्तीवर गेले तरी ही चौकट पुसू नकोस.